सहावी ओळ

१

इंग्रजीत सहा ओळी होत्या आणि मराठीत पाच.

अंबादास वाडीकरांनी पुन्हा मोजल्या. मोजायची खोड एकतीस वर्षांची होती. कोल्हापूरच्या कोर्टात भाषांतरकार म्हणून नोकरी करताना त्यांनी खून, दरोडे, फसवणुकी आणि बांधावरच्या मारामाऱ्या इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत इतक्या वेळा नेल्या-आणल्या होत्या, की रिटायर होताना त्यांना पेन्शनीबरोबर दोन्ही भाषांबद्दल सारखाच संशय मिळाला. एक नियम त्यांनी कधी मोडला नव्हता. आधी ओळींना आकडे घालायचे, मग अर्थाकडे बघायचं. अर्थ पळपुटा असतो, ओळी बिचाऱ्या कुठं जातात?

आज एक ओळ गेली होती.

मार्च १९८६चा दुसरा आठवडा. नव्या भाषांतरकाराला कावीळ झाली, म्हणून हेडक्लार्कनं जुन्याला बोलावणं धाडलं. "एवढं एकच पान आहे, पंत. गुरुवारी जामिनाची सुनावणी आहे. साहेबांना मराठीत पाहिजे." पान म्हणजे पुण्याहून आलेला मेंदूच्या स्कॅनचा रिपोर्ट. कोल्हापुरात ही चीज तेव्हा इतकी नवी होती, की मयताच्या घरी सांत्वनाला येणारे लोक आधी तो काळा फोटो बघायला मागत आणि मग डोळे पुसत.

मयत बापूसो कोथळे. वय अडुसष्ट, उद्यमनगरातल्या कोथळे फौंड्रीचे मालक. शुक्रवारी, २८ फेब्रुवारीला, जोतीराम खाडे नावाच्या, साचे भरणाऱ्या मोल्डरनं बारा कामगारांच्या देखत त्यांना ढकललं. ते भिंतीवर आपटले. उठले, चहा प्याले. शनिवारी सकाळी अंथरुणातून उठलेच नाहीत. गाडीत घालून पुण्याला नेलं, स्कॅन झाला, रविवारी पहाटे खेळ संपला. पुण्याच्या डॉक्टरांनी दाखला आजारपणाचा दिला. प्रेत कोल्हापुरात आलं, पंचगंगेच्या घाटावर दहन झालं, सावडणंही झालं. आणि त्यानंतर मुलानं, श्रीपालनं, पोलिसात तक्रार दिली. आता कापून बघायला देह नव्हता. उरला होता हा कागद. त्याच्यावर जोतीरामचा जन्म जाणार होता.

रिपोर्टला श्रीपालनं स्वतःच्या हातानं लिहिलेला मराठी सारांश टाचलेला होता. फौजदारानं तपास केला तो या सारांशावर. पहिली ओळ अशी: मेंदूवर डाव्या बाजूस गंभीर रक्तस्राव.

इंग्रजीत 'गंभीर' कुठंच नव्हतं. तिथं होतं 'क्रॉनिक'.

पंतांनी चष्मा पुसला. दुसऱ्या ओळीत रक्ताच्या थराची जाडी. तिसरीत तो थर मेंदूपेक्षा काळपट दिसतो, हे. चौथीत मेंदू उजवीकडं सरकला आहे. पाचवीत कवटीचं हाड मोडलेलं नाही. सारांश इथं संपत होता. इंग्रजीतली सहावी ओळ सांगत होती, ताजा रक्तस्राव कुठंही दिसत नाही.

पाचवी आणि सहावी, दोन्ही ओळी 'नो' नं सुरू होत होत्या. अशा ठिकाणी नकलणाऱ्याची नजर घसरते. पंतांची स्वतःची दोनदा घसरली होती आणि एकदा तर त्यामुळं एका म्हशीची मालकी बदलली होती. तेव्हा त्यांनी श्रीपालला मनातल्या मनात माफ केलं.

मग त्यांना दोन गोष्टी दिसल्या. सारांशाच्या तळाशी एक शब्द बॉलपेनानं गिरवून गिरवून खोडलेला होता. आणि रिपोर्टच्या कोपऱ्यात बारीक टाइपात छापलं होतं: पान २.

पान १ फाईलमध्ये नव्हतं.

२

"पहिल्या पानावर काय असणार पंत? नाव, गाव, वय," फौजदार म्हणाले. त्यांच्यापुढं मिसळीची बशी होती आणि तिच्या आड तपासाला येऊ द्यायचं नाही असा त्यांचा निर्धार दिसत होता. "पोरानं दिलं तेवढं आम्ही लावलं."

"आणि 'क्रॉनिक'चा अर्थ?"

"क्रॉनिक म्हंजे लई शिरेस. शाळेतलं पोरगं सांगंल. ही मिसळ बघा, क्रॉनिक तिखट हाय."

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. सबंध जिल्हा हा शब्द याच अर्थानं वापरत होता. उन्हाळा क्रॉनिक, गर्दी क्रॉनिक, एखाद्याची सासू क्रॉनिक. पंतांनी स्वतः मागल्या पावसाळ्यात आपल्या खोकल्याला क्रॉनिक म्हटलं होतं आणि तो चार दिवसांत बरा झाला होता.

"पहिलं पान मागवा पुण्याहून," ते म्हणाले.

"मागवतो की. चिठ्ठी जाईल, चिठ्ठी येईल. तवर गुरुवार गेला." फौजदारांनी पाव मोडला. "आणि पंत, कशाला जीव खाताय? आरोपी कबूल हाय. म्हणतोय, म्याच मारलं. बारा साक्षीदार हायती. अशी सरळ केस मला सर्व्हिसात दुसरी न्हाय मिळाली."

पंत बाहेर आले तर ठाण्याच्या पायरीवर एक बाई बसलेली. हिरवं लुगडं, पायात काही नाही. ती उठली.

"तो कागद तुमच्याकडं हाय म्हणत्यात."

"तुम्ही कोण?"

"बनाबाई. जोतीरामाची बायकू." तिनं पदर ओढला. "त्यात आमच्या मालकांचं नाव हाय का वो?"

"आहे ना. बापूसो कोथळे."

"त्ये कारखान्याचं मालक. मी आमच्या मालकांचं इचारतीया. घरातल्या."

पंतांनी एकतीस वर्षं दोन भाषांमध्ये काढली, पण एकाच भाषेतल्या दोन मालकांनी त्यांना पायरीवर अडवलं. मालकानं मालकाला ढकललं, हे वाक्य इंग्रजीत नेताना काय झालं असतं याचा विचार त्यांच्या मनात आला आणि त्याची त्यांना लाज वाटली. बाईचे डोळे कोरडे होते. रडून झाल्यावर होतात तसे.

"नाही. त्यांचं नाव कागदात कुठंच नाही."

"मग त्यास्नी सांगा की. जेवत न्हाईत. मी भेटायला गेले तर म्हणाले, माझ्या हातांकडं बघू नगंस. बारा वर्सं त्या माणसाचं मीठ खाल्लं म्हणाले. फाशी हुती का वो, पंत?"

"फाशी नाही होणार. पण दहा वर्षं जाऊ शकतात."

"मग एकच की," बनाबाई म्हणाली. "धा वर्सं न जेवता कोण जगतंय?"

३

डॉक्टर प्रमोदिनी ही पंतांची पुतणी. राजारामपुरीत दवाखाना. काकांना ती औषध देई आणि काका ते खिडकीतल्या कुंडीला देत. कुंडीची तब्येत उत्तम होती.

"अंबूकाका, बाहेर नऊ पेशंट बसलेत."

"मी दहावा. माझा आजार एका शब्दाचा आहे. क्रॉनिक."

तिनं पंतांच्या वहीत उतरवलेल्या सहा ओळी वाचल्या. मग दुसऱ्या एका पेशंटची फिल्म कपाटातून काढून खिडकीच्या काचेवर धरली. करड्या रंगाच्या अक्रोडाचे काप मांडावेत तसे डोक्याचे काप दिसत होते.

"हे बघा. कडेला कोयरीसारखं पांढरं आहे ना? ते रक्त. हा माणूस मोटरसायकलवरून पडला आणि दोन तासांत स्कॅन झाला. ताजं रक्त या फोटोत पांढरं दिसतं. दिवस जातील तसा तो रंग उतरत जातो. दोन आठवड्यांनी मेंदूच्याच रंगाचं होतं, ओळखूसुद्धा येत नाही. आणि मग काळपट."

"काळपट म्हणजे किती दिवसांचं?"

"तीन आठवडे. जास्त असेल, कमी नाही."

पंत खुर्चीत बसले.

"क्रॉनिक म्हणजे जुनं, काका. जुनाट खरूज म्हणतो ना आपण, त्यातलं जुनाट. किती गंभीर त्याच्याशी त्या शब्दाचा संबंध नाही. काळाशी आहे."

"शुक्रवारी ढकललं. शनिवारी फोटो."

"मग शुक्रवारचं रक्त पांढरं दिसायला पाहिजे होतं. आणि रिपोर्टवाला स्पष्ट लिहितोय, ताजं काही नाही." तिनं फिल्म उतरवली. "हे रक्त थेंबाथेंबानं साचतं. म्हाताऱ्या माणसाचा मेंदू जरा आकसलेला असतो, त्यामुळं आत जागा असते. आठवडाभर काही कळत नाही. मग डोकं दुखतं. विसरायला होतं. माणूस संशयी होतो, चिडतो. घरातले म्हणतात, वय झालं. एक दिवस जागा संपते आणि पेशंट झोपेतच बेशुद्ध होतो. शुक्रवारी त्याला कुणी ढकललं नसतं आणि हार घालून मिरवलं असतं, तरी शनिवारी हेच झालं असतं."

"डाव्या बाजूला आहे म्हणजे?"

"त्रास उजव्या अंगाला होतो. हात, पाय." ती दाराकडं गेली, तिथून वळली. "वाईट काय आहे सांगू? वेळेत आणला असता, तर कवटीला एक भोक पाडून ते रक्त बाहेर काढतात. दोन दिवसांत माणूस उठून बसतो. इतकं सोपं ऑपरेशन मेंदूत दुसरं नाही."

पंतांनी वही मिटली. जोतीराम सुटत होता, कागदावर तरी. पण तीन आठवड्यांमागं बापूसो कोथळेंच्या डोक्यावर काहीतरी आदळलं होतं. आणि त्याबद्दल कारखान्यातल्या बारा तोंडांपैकी एकानंही ब्र काढला नव्हता.

४

"आमाला काय म्हाईत? आमी हुतो कुठं?" केरबा मिस्त्री म्हणाला.

बुधवारची सकाळ. भट्टी थंड होती. दहा दिवस सुतकात गेलेला कारखाना कालपासून उघडला होता, पण ओतकाम सुरू करायला कुणाचा हात धजत नव्हता. काळ्या वाळूचे ढीग आणि साच्यांच्या लोखंडी पेट्या. केरबा त्यातल्याच एका पेटीवर बसला होता. कारखान्यातला सर्वांत जुना माणूस, आवाज भट्टीच्या वर जाईल एवढा मोठा.

"शुक्रवारचं सांगा, पावणं, असं फौजदार म्हणाला. शुक्रवारचं सांगितलं. आदीचं कुणी इचारलंय?"

"मी विचारतो. मालकांच्या उजव्या हातापायाला काय झालं होतं?"

केरबाचं तोंड उघडंच राहिलं. "तुमास्नी कुणी सांगितलं?"

"कागदानं."

"कागद लई बोलतोय की तुमच्याशी." केरबानं तंबाखू झाडली. "व्हय. महिनाभरात म्हातारं पार बदललं. चालताना उजव्या पायातलं पायताण मागं ऱ्हायाचं आन् ह्येला पत्ता न्हाय. आमी पोरं हसायचो. एकदा तर पार गेटापत्तुर एका पायताणावर गेलतं. चहाचा कप सांडायचा. सकाळी सांगितलेलं दुपारी इसरायचा. जोतीरामाचंच घ्या. मंगळवारी त्यानं लेकीच्या सुपारीसाठी दोन दिसांची रजा मागितली. माझ्यासमोर व्हय म्हणाला, वर पोरीला साडी घे म्हणाला. आन् शुक्रवारी जोतीराम कामावर आला तर अंगावर गेला. चोर म्हणाला, साचं पळवलं म्हणाला."

"हे सगळं सुरू कधी झालं?"

केरबा विचारात पडला. विचार करताना तो पहिल्यांदाच हळू बोलला.

"त्या फेट्यापास्नं."

"कसला फेटा?"

"मालक कायम टोपीत. फेटा बांधायचा तो फकस्त लग्नात. आन् एका मंगळवारी सकाळी फेटा बांधून हजर. मी म्हटलं, मालक, कुणाचं लगीन काढलं? हसलं न्हाई. घरातलं हाय, म्हणालं, इचारू नगंस. तीन-चार दीस फेटाच. फेबरवारीची सुरवात आसंल. पगार व्हायच्या आदीचा मंगळवार, म्हंजे चार तारीख."

चार फेब्रुवारी ते एक मार्च. पंतांनी बोटांवर मोजलं. पंचवीस दिवस.

"आणि सोमवारी काय झालं होतं?"

"सोमवारी काय हुणार? सोमवारी उद्यमनगर बंद. लाईट नसती. आमी कुणी येत न्हाई." केरबानं पायाखालच्या वाळूत रेघ ओढली आणि पुसली. "मंगळवारी आलो तर एक पेटी पालथी पडल्याली. कोपऱ्यावर कायतरी वाळल्यालं. गंज म्हणून मीच घासून काढलं."

"किल्ली कुणाकडं असते?"

केरबा उठला. भट्टीत निखारा नव्हता, तरी तो तिच्यात बघत राहिला.

"दोघांकडं. एक मालकांकडं."

दुसरी कुणाकडं, हे त्यानं सांगितलं नाही आणि पंतांनी विचारलं नाही. ते तिथून थेट कोर्टात गेले. तो सारांश पुन्हा मागून घेतला आणि उलटा केला. शाईनं गिरवलेला शब्द पुढून वाचता येत नव्हता. पण श्रीपाल कोथळे बॉलपेन दाबून लिहिणारा माणूस होता. पंतांनी कागदाच्या पाठीवरून हलकेच बोट फिरवलं. मग तो उजेडाकडं धरला आणि आरशात अक्षरं वाचावीत तशी उजवीकडून डावीकडं वाचली.

शब्द निघाला. पंतांना तो निघायला नको होता.

५

शाहूपुरीतल्या कोथळ्यांच्या घरी जेवणाची तयारी चालली होती. जैनाचं घर, ऊन उतरायच्या आत पानं वाढली जात. श्रीपाल पाटावर बसला होता, डोक्याचे केस काढलेले. चाळिशीच्या आतला, इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केलेला, शांत चेहऱ्याचा. त्याची बायको सुरेखा भाकरी घेऊन आली आणि पाहुणा बघून थबकली.

"बसा की पंत. घासभर घ्या."

"नको. एका शब्दावर अडलोय, तेवढा सोडवून जातो."

"कुठला?"

"क्रॉनिक. तुम्ही गंभीर लिहिलंय."

"चुकलं का?" श्रीपाल म्हणाला. "आम्ही लोखंडातली माणसं. डॉक्टरी इंग्रजी आपल्याला काय कळतंय?"

"चुकतं. फौजदार चुकले, मी चुकत आलोय, सगळं गाव चुकतंय. ती चूक मी कोर्टात चूक म्हणूनच सांगितली असती." पंतांनी कागदाची नक्कल पुढं ठेवली. "सहावी ओळ राहिली, तीही चूक म्हटली असती. पण तुम्ही ती लिहायला घेतली होती. एक शब्द लिहिला आणि खोडला. तो शब्द 'ताजा' आहे."

श्रीपालनं कागदाला हात लावला नाही.

"ताजा रक्तस्राव नाही, असं वाक्य होणार होतं. ज्याला सहाव्या ओळीतलं ताजं कळलं, त्याला पहिल्या ओळीतलं जुनं कळलं नाही, हे मला पटेना. ज्याला इंग्रजी येत नाही तो काहीबाही लिहून ठेवतो. खोडत नाही. खोडायला अर्थ कळावा लागतो."

"शब्द खोडला म्हणून माणूस गुन्हेगार ठरतो?" श्रीपालचा आवाज स्थिर होता. "अप्पा म्हातारे होते. कुठंतरी आपटले असतील. मला काय माहीत? कुठं लिहिलंय, कधी लागलं ते?"

"पहिल्या पानावर."

हे सुरेखा बोलली. भाकरीचं ताट तिच्या हातातच होतं.

"सुरेखा, तू आत जा."

"पुण्याच्या डॉक्टरनी मला विचारलं," ती पंतांकडं बघून म्हणाली. "हे ऑपरेशनच्या कागदांवर सह्या करत होते. डॉक्टर म्हणाले, बाई, मागं कधी डोक्याला मार लागलाय का? मी म्हटलं, व्हय. तीन फेब्रुवारी. सोमवार. मी स्वतः टेंगळावर हळद बांधलीय, मला कसं आठवणार न्हाई? त्यांनी ते माझ्या नावानं टाईप केलं. सुनेनं सांगितल्याप्रमाणं, म्हणून. ते पान ह्यांनी रविवारीच काढून घेतलं. मी बघितलं."

"पोलिसांना का नाही सांगितलं?"

"विचारलं कुणी?" तिचा आवाज चढला. "बारा जणांचे जबाब घेतले. फौजदार या इथं बसून माझ्या हातचा चहा पिऊन गेले. सुनेला कोण विचारतंय? आणि मी आपणहून बोलायचं, तर काय बोलायचं? मामंजी म्हणाले दाराची चौकट लागली. मी हळद बांधत होते आणि हे दारात उभे होते. ह्यांचं तोंड मी बघितलं, पंत. चौकट लागली तर मुलाचं तोंड असं हुईत न्हाई."

तिनं ताट खाली ठेवलं. बाहेर ऊन उतरत होतं, आणि पानावर कुणीच बसलेलं नव्हतं. श्रीपाल केव्हा उठून खिडकीशी गेला, ते कळलं नव्हतं.

"गोकुळ शिरगावला प्लॉट मिळत होता," तो बाहेर बघत म्हणाला. "नवीन भट्टी टाकायची होती. दोन वर्षं मागं लागलोय. सोमवारी निवांत दाखवू म्हणून नकाशा घेऊन गेलो. ते म्हणाले, माझ्या हयातीत भट्टी हलणार न्हाई. मी म्हटलं, तुमची हयात तरी कवा सरणार हाय? ते एक पाऊल पुढं आले. मला वाटलं मारतात. मी ढकललं. पेटीच्या कोपऱ्यावर गेले."

त्यानं कपाळ खिडकीच्या चौकटीला टेकलं.

"उठले लगेच. धूळ झटकली. म्हणाले, घरातलं हाय, घरात ऱ्हाऊ दे. मला वाटलं, आता बोलतील, शिव्या देतील. शब्द न्हाई. आणि पंधरा दिवसांनी..." त्यानं खिडकीचा गज धरला. "पंधरा दिवसांनी मलाच विचारलं. श्रीपाल, डोकं लई दुखतंय रं. मी कुठं आपटलोय का?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"न्हाई म्हटलं. न्हाई अप्पा, कुठं न्हाई." तो वळला. "ते खरंच विसरले होते, पंत. मला सुटल्यासारखं झालं. डॉक्टरकडं नेलं असतं तर पहिला प्रश्न हाच आला असता ना, कधी लागलं, कसं लागलं. म्हणून नेलं न्हाई. आज नेऊ, उद्या नेऊ. पायातलं पायताण निसटायचं ते मी मागनं उचलून आणून द्यायचो. रोज."

पंतांना प्रमोदिनीनं सांगितलेलं ते एक भोक आठवलं. ते त्यांनी श्रीपालला सांगितलं नाही. पुढं कोर्टात कुणीतरी सांगणारच होतं.

"जोतीरामाचं नाव मी घेतलेलं न्हाई," श्रीपाल म्हणाला. "सावडायला आलेले सगळे आपणहून म्हणाले, जोतीरामानं ढकललं, त्यानंच गेले. मी नुसती मान हलवली. मग लोक म्हणाले, तक्रार का देत न्हाईस, बापाचं काहीच वाटत न्हाई का. मग द्यावी लागली."

"त्याला दहा वर्षं लागली असती."

"म्हाईत हाय."

"तरी?"

श्रीपाल खिडकीपासून बाजूला झाला. सुरेखानं आतून त्याच्या चपला आणल्या आणि उंबऱ्याशी ठेवल्या.

"ठाण्यात मी येते बरोबर," ती म्हणाली. "ह्या वेळी मला विचारायची वाट बघणार न्हाई."

६

गुरुवारी कोर्टात पंतांनी सहाच्या सहा ओळी मराठीत वाचल्या. 'क्रॉनिक'पाशी त्यांनी 'जुना' लिहिलं होतं आणि कंसात कारण. सरकारी वकिलांनी हरकत घेतली, की शब्दाचा रूढ अर्थ गंभीर असाच आहे. जजसाहेब म्हणाले, मलाही तसंच वाटत होतं. मग डॉक्टर प्रमोदिनीला उभं केलं आणि तिनं खिडकीच्या काचेवर फिल्म धरली. पुण्याहून पहिल्या पानाची नक्कल फोनवर वाचून घेतली गेली. त्या दिवशी जोतीराम जामिनावर सुटला आणि पुढं त्याचं नाव खटल्यातून वगळलं गेलं. श्रीपाल कोथळेनं आदल्या रात्रीच ठाण्यात जबाब दिला होता; त्याचं पुढं काय झालं हे तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. नकाशावरच्या प्लॉटवर दुसऱ्या कुणाची भट्टी उभी राहिली.

फौजदारांनी पंतांना पायऱ्यांवर गाठलं. "सरळ केस होती हो," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर एखादी वस्तू हरवल्याचं दुःख होतं.

जोतीराम कोर्टाच्या आवारात वडाखाली उभा होता. पस्तिशीचा, दांडगा, पण आठ दिवसांत अंगावरचे कपडे दुसऱ्याचे वाटायला लागलेले. बनाबाई कापडात बांधलेली भाकरी सोडत होती. तो तिच्याकडं बघत नव्हता. पंत जवळ गेले तेव्हा त्यानं हात पाठीमागं घेतले.

"पंत, मला कुणी नीट सांगंना. माझ्या हातनं न्हाई झालं?"

"नाही."

"पर ते भिताडावर आपाटले. मी बघितलं."

"आपटले. त्यानं काही झालं नाही. ज्यानं गेले ते महिनाभर आधीच त्यांच्या डोक्यात साचत होतं. तुला रजा दिलेली ते विसरले होते. साचे तू पळवले असं त्यांना खरंच वाटलं. तो आजार होता."

"आजार हुता."

"हो."

"म्हंजे चोर म्हणालं ते मनापास्नं न्हाई?"

"नाही, बाबा."

बनाबाईनं भाकरीचा तुकडा त्याच्यापुढं धरला. "ऐकलंसा न्हवं? आता खावा."

जोतीरामनं तुकडा घेतला आणि हातात तसाच धरून ठेवला.

"चोर म्हणालं म्हणून न्हाई ढकललं मी," तो म्हणाला. "फौजदारानं तसं लिवलं, मी म्हटलं आसू दे. शिव्या तर बारा वर्सं खाल्ल्या त्यांच्या. शिवीचं काय वाटायचं न्हाई."

"मग?"

"मी ढकलायच्या आदी थांबलं हुतं म्हातारं. जवळ आलं, माझ्या तोंडाकडं बघितलं बराच वेळ. आन् म्हणालं, तू कोण रं?" त्यानं मान खाली घातली. "माझं डोस्कं फिरलं. बारा वर्सं ज्याच्या हाताखाली राबलो त्यो समद्यांच्या देखत मला इचारतोय, कोण तू. मला वाटलं, माजलंय. म्हणून हात गेला."

पंतांकडं दोन भाषा होत्या आणि दोन्ही गप्प होत्या.

"त्यास्नी खरंच कळत नव्हतं वो," जोतीराम म्हणाला. "भ्यालं आसंल आतनं. म्हणून इचारलं. नाव सांगायचं हुतं मी. मालक, मी जोतीराम, एवढंच म्हणायचं हुतं."

तो वडाच्या पारावर बसला आणि बनाबाईनं खा म्हटल्यावर खायला लागला.